आधी दवाखाना, मग पंचनामा!



१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकोमुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून या जिल्ह्यात किती उंबऱ्यांवर पंचनामे झाले, हे तुम्हाला सांगायला नको. अशा घरी सरकारचा पहिला माणूस येतो तो पोलीस. सवाल काय? "दारू पीत होता काय? घरात भांडण होतं काय?" बाई रडत काहीतरी बोलते. ते कागदावर चढते. तोच कागद पुढे समितीसमोर जातो आणि मदतीला घर पात्र की अपात्र ठरते. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा विचारायचे राहूनच जाते!

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा काय म्हणतो? कलम ११५ : जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, त्याचा उपचार व पुनर्वसन सरकारची जबाबदारी. कलम ३० : पोलिसांना याचे वेळोवेळी शिक्षण द्यावे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने १९८८ पासून पोलिसांना चाळीस तासांचे असे शिक्षण दिले. आमच्या ठाण्यात कोणाला, किती तास दिले? हिशेब दाखवा!

पण शिपायालाच शिव्या देऊन भागत नाही. खाकीतला तो पोरगाही बहुधा कोरडवाहू बापाचाच. बंदोबस्तावर शिणलेले डोके दुसऱ्याचे डोके कसे शांत करणार? २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी लावून पाहिली. यवतमाळच्या शिपायाची झोप स्वस्त आहे काय?

आणि सरकारने हेही ऐकावे. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. कापसाला भाव न देता ताण घालवायला निघणे म्हणजे जू तसेच ठेवून बैलाच्या खांद्याला हळद लावणे. हळद लावाच, पण जूही उतरवा!

तेव्हा सभेत ठराव करू : विष घेतलेल्याला आधी दवाखाना, जबाब मागाहून. पोलिसी कागदांसाठी उपचार अडवू नये, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगितले आहे. प्रशिक्षित पोलिसांची यादी ठाण्यावर लावा. शिपायाला आठ तासांची पाळी द्या.

आपलेही एक काम आहे. शेजारचा गडी गप्प गप्प राहू लागला, की त्याच्या ओट्यावर जाऊन बसा, सरळ विचारा. १४४१६ हा टेली मानसचा फुकट नंबर त्याला लावून द्या. भावांनो, हे भांडण जगूनच भांडायचे आहे.