‘निर्भेळ पीक’ म्हणजे काय रे भाऊ? मराठीतलं अ‍ॅपही का कळत नाही, समजून घ्या

पोखर्णीसारख्या परभणीतल्या गावांत सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असणं नेहमीचंच. पण ई-पीक पाहणी अ‍ॅप उघडलं की प्रश्न येतो: ‘निर्भेळ पीक’ की ‘मिश्र पीक’? पुढे पोटखराब, चालू पड, कायम पड. अ‍ॅप मराठीत आहे, तरी अडायला होतं. असं का?

नोंद का महत्त्वाची?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या अ‍ॅपमुळे सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याचं काम शेतकऱ्याच्या हाती आलं. हमीभावाची नोंदणी असो की नुकसानभरपाई, ही नोंद पाहिली जाते. चुकीचा पर्याय निवडला तर फटका थेट खिशाला.

घोळ कुठे होतो?

१. भाषा दप्तराची: हे शब्द तलाठ्याच्या गाव नमुना १२ मधले. कागदावरचे रकाने तसेच स्क्रीनवर आले. वापरणारा मात्र बदलला.

२. ‘ज्ञानाचा शाप’: तीन अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. ज्याला एखादी गोष्ट माहीत असते, त्याला ती माहीत नसलेल्याची अडचण दिसत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांचं हेच होतं.

३. माहिती लिहिणं दुय्यम: इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्येही मार्क कोडला मिळतात, माहितीपुस्तिका शेवटच्या रात्री उरकली जाते. पुढे अ‍ॅप अपडेट होतं, यूट्यूबवर व्हिडिओ मात्र जुनाच फिरतो.

‘शेतकऱ्यांना मोबाइल जमत नाही’ हे उत्तर पटत नाही. तोच शेतकरी चहाचे दहा रुपये क्यूआर कोडवर देतो, कुठलीही पुस्तिका न वाचता. फरक इतकाच, की पैशांचं एक अ‍ॅप अवघड वाटलं तर माणूस दुसरं घेतो. पीक पाहणीला दुसरं दुकान नाही. म्हणून सोपं करण्याची जबाबदारी सरकारचीच.

काय करता येईल?

प्रत्येक हंगामाआधी नवं व्हर्जन गावातल्या पाच-दहा शेतकऱ्यांच्या हाती द्यावं आणि ते कुठे अडतात, ते बघावं. प्रत्येक अवघड शब्दाखाली एक ओळ लिहावी: ‘निर्भेळ म्हणजे शेतात एकच पीक’. याला फार खर्च लागत नाही.

तोवर लक्षात ठेवा: सोयाबीनमध्ये तूर असेल, तर पर्याय ‘मिश्र पीक’. नोंद चुकली, तर ४८ तासांत दुरुस्त करता येते.