डॅशबोर्डच्या आधी सेटिंग : दुसऱ्याने मारलेल्या रेघांवर आपला हिशोब लिहू नका



आज थोडं स्पष्ट बोलतो. सध्या जो तो डॅशबोर्डच्या मागे लागलाय. 'वीस मिनिटांत दुकानाचा डॅशबोर्ड', 'फुकट टेम्प्लेट घ्या', असले व्हिडिओ बघून पोरं लुकर स्टुडिओ नाहीतर पॉवर बीआय उघडतात, शीट जोडतात, नेक्स्ट-नेक्स्ट-ओके करतात आणि रंगीत आलेख व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळे होतात. आलेख दिसतो झकास. पण त्याच्या भरवशावर दिवाळीच्या मालाची ऑर्डर द्यायची वेळ आली, की तोच आलेख पैसा अडकवतो.

माझं मत असं आहे : पहिला आलेख काढायच्या आधी एक तास फक्त सेटिंगला द्या. डेटा कुठून येतो, किती वेळाने येतो, तारीख कशी वाचली जाते, वर्ष कधी सुरू होतं आणि कोण बघू शकतं, हे सगळं स्वतः ठरवा. हे न करता डॅशबोर्ड बनवणार असाल, तर बनवूच नका. वही बरी.

वही बरी का म्हणतो ते सांगतो. जुना दुकानदार नवीन वही आणली की आधी रेघा मारायचा. जमा कुठं, नावे कुठं, उधारीचं पान वेगळं. वही गल्ल्याखाली राहणार आणि ती कुणाला दाखवायची, हेही ठरलेलं. सॉफ्टवेअरमध्ये या रेघा आधीच मारलेल्या मिळतात. त्यालाच 'डिफॉल्ट' म्हणतात. ज्यांनी त्या मारल्या त्यांना अर्धापूरची केळी माहीत नाहीत, आपली उधारी माहीत नाही, आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं हेही त्यांनी धरलेलं नसतं. त्यांचा दोष नाही, जगभराच्या लोकांसाठी त्यांना काहीतरी एक ठरवावंच लागतं. पण ते आपल्याला जसंच्या तसं चालेल असं धरून बसणं, हा मात्र आपला दोष.

१. तारीख : ५ एप्रिल की ४ मे?

गूगल शीटमध्ये फाइल, मग सेटिंग, तिथं 'लोकेल' नावाची एक ओळ असते. तिथं बऱ्याच जणांचं 'युनायटेड स्टेट्स' असतं, कारण खातं उघडताना भाषा अमेरिकन इंग्रजी राहिलेली असते. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. आता तुम्ही विक्रीची तारीख ०५/०४/२०२५ अशी टाकली, तर शीट ती ४ मे म्हणून वाचते. आणि १३/०४/२०२५ टाकली तर तेरावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख म्हणून घेतच नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहते.

म्हणजे काय झालं बघा. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची बरीचशी विक्री दुसऱ्याच महिन्यांत विखुरली आणि तेराव्या दिवसापासूनची विक्री आलेखातून गायब. चूक झाली असा लाल शिक्का कुठंच येत नाही. आलेख नीटच दिसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. तारखेची कॉलम बघा. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे असतील, तर डावीकडच्या तारखा शीटने मजकूर म्हणून घेतल्यात. लोकेल 'इंडिया' करा, टाइम झोन भारताचा करा, हे सगळं डेटा भरायच्या आधी. आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा लोकेल बदलल्यावर आपोआप दुरुस्त होत नाहीत, त्या पुन्हा भराव्या लागतात. एक्सेल ही गोष्ट विंडोजच्या रीजन सेटिंगवरून घेतं. पॉवर बीआयमध्ये ऑप्शन्समध्ये रीजनल सेटिंग आहे.

२. बेरीज : मोबाइल नंबरची पण?

ही साधनं आकडा दिसला की बेरीज करायला धावतात. रकमेची बेरीज ठीक आहे. पण बिल नंबर, पिन कोड, एचएसएन कोड, ग्राहकाचा मोबाइल, हेही आकडेच. त्यांचीही बेरीज लागते. मोबाइल नंबरची बेरीज बघून आपण हसतो आणि दुरुस्त करतो. खरा धोका 'दर' या कॉलमचा. ₹४० किलोचा माल दहा वेळा विकला, की दर ₹४०० दिसतो. मालाची विविधता जास्त असेल तर ही चूक डोळ्याला चटकन दिसत नाही.

म्हणून डेटा जोडला की प्रत्येक कॉलमला विचारा : याची बेरीज करायची, सरासरी काढायची, की काहीच नाही? लुकर स्टुडिओत डेटा सोर्सच्या पानावर प्रत्येक फील्डसमोर हे ठरवता येतं. नंबरासारखे दिसणारे पण हिशोबाचे नसलेले आकडे 'टेक्स्ट' करून टाका.

३. वर्ष आणि सण

'धिस इयर' निवडलं की साधन जानेवारी ते डिसेंबर धरतं. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये तारखांचा तिमाही गट केला की पहिली तिमाही जानेवारी ते मार्च. आपलं जीएसटी, आयकर, ताळेबंद सगळं एप्रिल ते मार्च. आता समजा तुम्ही मुद्रा कर्जासाठी बँकेत गेलात, ₹५ लाखांपर्यंतच्या किशोर गटात. सोबत विक्रीचा सुंदर आलेख नेला. त्यात जानेवारी ते डिसेंबरची उलाढाल आणि विवरणपत्रात एप्रिल ते मार्चची. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, पण जुळत नाहीत. समोरच्याच्या मनात शंका आली ती आलीच. शीटमध्ये 'आर्थिक वर्ष' नावाची एक वेगळी कॉलम करा आणि आलेख त्यावर काढा. विषय संपला.

याहून मोठी गोष्ट सणांची. 'मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना' हे बटण सगळ्यांना आवडतं. पण लक्ष्मीपूजन २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला आणि २०२६ ला, मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे, ८ नोव्हेंबरला. म्हणजे २०२६ चा ऑक्टोबर २०२५ च्या ऑक्टोबरशी ताडून बघितला, तर बऱ्याच दुकानांचा आलेख धाडकन खाली आलेला दिसेल. धंदा बसला म्हणून कुणी घाबरून माल कमी भरेल, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल. तसंच अधिक महिन्याचं. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक मास, त्या काळात आपल्याकडं लग्नं बहुतेक थांबतात. कापड, भांडी, मंडप, केटरिंगवाल्यांनी तो महिना मागच्या वर्षीशी ताडूच नये.

साधनाला पंचांग कळत नाही. 'दिवाळीच्या आधीचे २१ दिवस' असा काळ आपणच दरवर्षी तारखा टाकून ठरवायचा आणि २१ दिवसांची तुलना २१ दिवसांशी करायची.

४. ताजेपणा : आलेख आत्ताचा आहे का?

गूगल शीट जोडलेली असेल तर लुकर स्टुडिओ साधारण दर १५ मिनिटांनी नवा डेटा घेतो. ही वेळ तासावर, ४ तासांवर, १२ तासांवर नेता येते. आता विचार करा, तुम्ही शीट भरता रात्री दुकान बंद केल्यावर. मग दुपारी आलेख बघून 'आज विक्रीच नाही' म्हणण्यात काय अर्थ? खालच्या कोपऱ्यात 'डेटा लास्ट अपडेटेड' अशी वेळ येते. ती साधनाने डेटा उचलल्याची वेळ आहे, तुम्ही नोंद केल्याची नाही. म्हणून शीटमधली सगळ्यात शेवटची नोंद कोणत्या तारखेची, हे डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात दिसू द्या.

पॉवर बीआयवाल्यांसाठी : डेस्कटॉप फुकट आहे, पण ऑनलाइन टाकायचं तर जीमेल चालत नाही, ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो. प्रो घेतलं तरी ठरलेल्या वेळी दिवसात ८ वेळाच डेटा ताजा होतो. आणि फाइल दुकानातल्या कंप्युटरवर असेल तर 'गेटवे' बसवावा लागतो. कंप्युटर बंद, लाइट गेली, तर त्या वेळचा डेटा येत नाही. आपल्या भागात हे आधीच धरून चाला. केळीच्या व्यापाऱ्याला रोजचा भाव रोज लागतो, माल थांबत नाही. स्टेशनरीवाल्याला आठवड्यातून एकदा पुरतं. गरज बघून वेळ ठरवा.

५. के, एम आणि लाख

पॉवर बीआयमध्ये विक्रीचा एकूण आकडा 'ऑटो' ठेवला की ₹१२,५०,००० चे '१.२५ एम' होतात. एम म्हणजे मिलियन, दहा लाख. तुम्हाला कळेल. पण गल्ल्यावर बसणाऱ्या वडलांना, हिशोब बघणाऱ्या ताईंना ते सव्वा लाख वाटलं तर? डिस्प्ले युनिट 'नन' करा, आकडा पूर्ण दिसू द्या. कॉलमची नावं मराठीत द्या : विक्री, उधारी, शिल्लक माल. आणि पान मोबाइलच्या आकाराचं उभं करा. दुकानात लॅपटॉप उघडून कुणी बसत नाही. डॅशबोर्ड घरातल्या ज्या माणसाने वाचायचा, त्याला वाचता आला पाहिजे.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं : कोण बघणार?

बाकीच्या चुकांनी आकडा चुकतो. या चुकीने माणसं दुखावतात.

लुकर स्टुडिओत शीट जोडली की ती सहसा 'ओनर्स क्रेडेन्शियल्स'वर जोडली जाते. अर्थ असा : रिपोर्ट बघणाऱ्याला तुमच्या शीटची परवानगी लागत नाही, तो तुमच्या परवानगीने बघतो. रिपोर्ट सुरुवातीला खाजगीच असतो. पण आपण घाईत 'लिंक असेल तो बघेल' असं करून ग्रुपवर टाकतो. त्या रिपोर्टमध्ये उधारीची यादी असेल, तर कुणाच्या नावावर किती थकलंय हे अख्ख्या गावाला कळतं. गावात इज्जत हीच पत असते. गिऱ्हाईक पैसे देईल एकवेळ, पण पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. शीट जोडताना 'इन्क्लूड हिडन अँड फिल्टर्ड सेल्स' हा चौकोन आधीच टिक केलेला असतो. तुम्ही शीटमध्ये खरेदी दराची कॉलम लपवली आणि निवांत झालात, तरी ती कॉलम डेटामध्ये येतेच. ज्याला तुम्ही रिपोर्ट एडिट करायचा हक्क दिला, तो ती ओढून आलेखात टाकू शकतो. तुमचा खरेदी दर एजंटाला किंवा शेजारच्या दुकानाला कळला, तर तुमच्याकडं राहिलं काय?

उपाय तीन. उधारी आणि खरेदी दर वेगळ्या शीटमध्ये ठेवा, डॅशबोर्डला जोडूच नका. रिपोर्ट ईमेल टाकून माणसामाणसाला द्या, लिंक मोकळी सोडू नका. शेअरच्या सेटिंगमध्ये बघणाऱ्यांसाठी डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करा. पॉवर बीआयमध्ये 'पब्लिश टू वेब' हे बटण तर दुकानाच्या डेटासाठी दाबूच नका, ते जगासाठी उघडं होतं. ग्राहकाची माहिती जपणं ही आता नुसती माणुसकी राहिलेली नाही, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यासाठीच झालाय.

'एवढं कशाला? धंदा तर छोटा आहे'

हा प्रश्न येणार, आणि तो बरोबर आहे. रोज वीस-पंचवीस बिलं असतील तर डॅशबोर्डची गरजच नाही. वही आणि कॅल्क्युलेटर पुरे, त्यात कमीपणा नाही. पण जो म्हणतो 'मला डॅशबोर्ड पाहिजे, सेटिंगची कटकट नको', त्याला मी साफ नाही म्हणतो. मोठ्या कंपनीत आकडा चुकला तर तपासायला चार माणसं असतात. आपल्याकडं चुकलेल्या आकड्यावर आपणच ऑर्डर देतो आणि व्याजही आपणच भरतो. धंदा छोटा आहे म्हणूनच चूक झेपत नाही.

आज एवढंच करा. कागदावर सहा ओळी लिहा : तारीख कशी, बेरीज कशाची, वर्ष कधीपासून, डेटा किती वेळाने, आकडा कसा दिसणार, कोण बघणार. प्रत्येकीसमोर तुमचं उत्तर लिहा, मग साधन उघडून सेटिंग तशी करा. शेवटी एका महिन्याची विक्री वहीतून हाताने जोडा आणि डॅशबोर्डशी ताडून बघा. रुपयाला रुपया जुळला तरच पुढचा आलेख काढा. नाही जुळला, तर जुळेपर्यंत त्या डॅशबोर्डवरून एक पेटीसुद्धा मागवू नका.