सगळीच राख चुलीतली नसते

आपल्याकडे चुलीच्या राखेने भांडी घासतात, म्हणून राखेचे कुणाला भय वाटत नाही. पण दगडी कोळशाची राख वेगळी. तीत आर्सेनिक, शिसे, पारा अल्प प्रमाणात असतात. बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. विषारी अंश झिरपून विहिरीत उतरू शकतो. तिरोड्यात ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, तेव्हा हा आपल्या दारातला प्रश्न. २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला. भोपाळमध्ये १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ उजाडले. राख तितकी जहाल नाही, पण दिरंगाईचा धडा तोच. माझे मत स्पष्ट आहे : राखेच्या तळ्यांजवळच्या विहिरींचे पाणी दरवर्षी तपासावे आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.