रूप एक, कूळ निराळें

एका तोंडावळ्याचीं दोन माणसें दिसलीं, म्हणजे तीं एकाच घरचीं असावींत असा तर्क आपण सहज करतों. सूक्ष्म जंतूंविषयीं शास्त्रज्ञांनींही दीर्घकाळ हाच तर्क चालविला. फर्डिनांड कोन या जर्मन पंडितानें १८७२ सालीं आकारावरून जंतूंचे वर्ग पाडले, तेव्हां मळसूत्रासारखे पिळदार जंतु सारे एका वर्गांत बसविले. सूक्ष्मदर्शकांतून दिसणारें रूप, हेंच त्या काळचें मुख्य साधन होतें.

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कार्ल वोस यांनीं निराळी वाट धरली. प्रथिनें घडविणाऱ्या यंत्रणेंतील रिबोसोमल आरएनए हा रेणु प्रत्येक जंतूंत असतो, आणि त्याच्या घटकांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या फार सावकाश बदलतो. दोन जंतूंचे क्रम ताडून पाहिले, कीं त्यांचें नातें किती जवळचें हें उमगतें. जंतूंचा हा कुलवृत्तांतच म्हणावयाचा!

या वृत्तांतानें जुनी पंगत मोडली. उपदंशाचा ट्रेपोनेमा व लेप्टोस्पायरा हे खरोखरच स्पायरोकीट नामक एका विशाल कुळांतले ठरले. पोहण्याचे तंतु बाह्य आवरणाच्या आंत दडलेले असणें, ही त्यांची कुलखूण. उलट जठरांत व्रण करणारा हेलिकोबॅक्टर पिळदार खरा, पण त्याचे तंतु बाहेर असतात आणि त्याचें कूळही निराळें. पटकीचा वांकडा व्हिब्रियो तर आंतड्यांतील सरळ दांडीसारख्या ई. कोलायचा आप्त! आणि २०१२ सालीं नांव मिळालेला स्फेरोकीटा स्पायरोकीटांच्या कुळांत जन्मूनही चक्क वाटोळा आहे. चिकट द्रवांतून वाट काढण्यास मळसूत्री अंग सोयीचें पडतें. म्हणून तें निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणें उपजलें असावें.

रूपावर भुलूं नये, हा बोध आमच्या वाचकांनीं घरांतही वापरावा असें आम्हांस वाटतें. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसनें कित्येक दगावले. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून हा जंतु कातडीवरील जखमेवाटे शरीरांत शिरतो, आणि आरंभींचा ताप हिंवताप वा डेंग्यू यांसारखाच भासतो. म्हणून पावसाळ्यांत साचलेलें पाणी तुडवून आलेल्या माणसास पुढील दिवसांत ताप आला, तर नेहमींचाच समजून काढ्यावर ठेवूं नये. पाण्याची ती हकीगत डॉक्टरांस आधीं सांगावी. प्रतिजैविक औषध वेळेवर मिळाल्यास रोगी बहुधा बरा होतो.