पावती मालकाच्या नावाने फाडा

ट्रकचालकाने रस्त्यात कुणाला उडवले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर ट्रकच्या मालकालाही उभे राहावे लागते. ‘गाडी मी चालवत नव्हतो’ ही सबब तिथे चालत नाही. यंत्रात कामगाराचा हात सापडला, तर 1923च्या नुकसानभरपाई कायद्यापासून मालकानेच पैसे मोजायचे. मोजके अपवाद सोडले तर चूक कुणाची हेही विचारायचे नाही. हा न्याय शंभर वर्षांत इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कुणालाच वावगे वाटत नाही. आता त्याच कारखान्यातली दुसरी घटना घेऊ. पाळीवरच्या पर्यवेक्षकाने हाताखाली काम करणाऱ्या बाईचा लैंगिक छळ केला, तिने तक्रार केली आणि चौकशीत ती खरी ठरली. भरपाईची पावती कुणाच्या नावाने फाटणार? कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखणारा 2013चा पॉश कायदा सांगतो, त्या पर्यवेक्षकाच्या. त्याला त्या जागी नेमणारा, तिची पाळी आणि पगारवाढ त्याच्या हाती सोपवणारा मालक या हिशेबात कुठेच येत नाही. हा हिशेब उलटा लावायला हवा. भरपाई आधी मालकाने द्यावी आणि मग छळ करणाऱ्याकडून ती वसूल करण्याची यातायातही त्यानेच करावी.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू. आरोप सिद्ध झाल्यावर कलम 13खाली तक्रारीची चौकशी करणारी संस्थेतली अंतर्गत समिती अशी शिफारस करू शकते की दोषी माणसाच्या पगारातून योग्य ती रक्कम कापून पीडित स्त्रीला द्यावी. तो नोकरी सोडून गेला असेल तर त्याने ती थेट द्यावी. नाही दिली तर जिल्हा अधिकाऱ्याने जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करावी. रक्कम किती, याचे निकष कलम 15मध्ये आहेत: मानसिक आघात आणि यातना, हुकलेल्या संधी, औषधोपचारांचा खर्च. इथपर्यंत सारे तिच्या नुकसानीबद्दल आहे. चौथा निकष मात्र एकदम त्याच्या खिशाकडे वळतो: दोषी व्यक्तीचे उत्पन्न आणि आर्थिक स्थिती. पाचवा विचारतो, रक्कम एकदम देता येईल की हप्त्याने? मालकासाठी कलम 26 आहे. समिती स्थापन केली नाही किंवा कायदा मोडला तर 50,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर दुप्पट. हा दंड जमा होतो सरकारी तिजोरीत. जिचे नुकसान झाले तिच्या हाती त्यातला रुपयाही पडत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की तिचे नुकसान कितीही मोठे असो, भरपाई त्याच्या पगाराएवढीच मोठी होऊ शकते. छळ करणारा विभागप्रमुख असेल तर काहीतरी हाती लागेल. कंत्राटी मुकादम असेल तर हप्ते मोजत बसायचे. शिवाय अशा प्रकरणात दोषीला कामावरून काढणे हीच रास्त शिक्षा असते, आणि ती झाली की ज्या पगारातून कपात करायची तो पगारच संपतो. म्हणजे शिक्षा आणि भरपाई एकमेकींच्या पायात पाय घालतात. तिच्या बाजूने पाहिले तर नुकसान थांबत नाही. बदली मागून घ्यावी लागते, बढती हुकते, पुष्कळदा नोकरीच सुटते आणि नव्या ठिकाणी ‘आधीची का सोडली?’ या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर नसते. या नुकसानीची पाळेमुळे संस्थेतच असतात: तक्रार कुणी दाबली, साक्षीदार का फिरले, तिलाच रजेवर का पाठवले. असे असताना भरपाई तेवढी एका माणसाच्या पगारपत्रकात का शोधायची?

पॉश कायद्याने बाकीच्या वाटा बंद केलेल्या नाहीत, हे पुष्कळ स्त्रियांना कुणी सांगतच नाही. कलम 28 स्पष्ट म्हणते की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. म्हणजे मालकाविरुद्ध दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो. नोकराच्या कृत्याबद्दल मालकाला जबाबदार धरण्याचे तत्त्व आपल्या न्यायालयांना नवे नाही. 1998मध्ये हावडा स्थानकातल्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर बलात्कार झाला. आरोपींमध्ये रेल्वेचे कर्मचारी होते. बलात्कार हे काही रेल्वेने दिलेले काम नव्हते, असा बचाव मांडला गेला. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि रेल्वेने 10 लाख रुपये द्यावेत हा आदेश कायम ठेवला. ती रेल्वेची नोकर नव्हती, एवढा फरक आहे. पण वाटसरू बाईबद्दल जी जबाबदारी लागू होते, ती रोज हजेरी लावणाऱ्या बाईबद्दल लागू होऊ नये, असे म्हणायला कारण दिसत नाही.

तरीही या वाटेने फार कमी जणी जातात, आणि एका खटल्याने त्याचे कारण उघडे केले आहे. माहिती-तंत्रज्ञान कंपनीत उपाध्यक्षपदावर असलेल्या एका महिलेने लैंगिक छळाचा आरोप करत राजीनामा दिला. वाद लवादाकडे गेला. कंपनीने तिला 2 कोटी रुपये द्यावेत, असा निवाडा झाला. काही मागण्यांचा विचारच झाला नाही म्हणून ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. 2014मध्ये एकल न्यायाधीशांनी दीड कोटीहून अधिक रकमेची भर घातली आणि 2019मध्ये खंडपीठाने ही भर 50,000 रुपयांवर आणून ठेवली. पुढे लवादाचा निवाडा न्यायालयाला बदलता येतो का, या तांत्रिक प्रश्नावर एप्रिल 2025मध्ये घटनापीठाचा निकाल आला, आणि वकिलांच्या जगात हा खटला आता त्याच प्रश्नाने ओळखला जातो. मला त्यात दिसते ते वेगळेच. कंपनीकडून भरपाई मिळू शकते, हे इथे सिद्ध झाले. पण ती किती हे मोजण्याची पट्टीच नसल्याने एकाच नुकसानीची किंमत दोन मजल्यांवर दीड कोटी आणि अर्धा लाख इतकी वेगळी निघाली. आणि हा लढा उपाध्यक्षपदावरची बाई लढू शकली. पॅकिंग विभागातली बाई लढेल का?

पहिला आक्षेप अर्थातच असा की वासना एकाची, भुर्दंड दुसऱ्याला का? मालकाने छळ करायला सांगितले होते का? हा आक्षेप इंग्लंडमध्येही झाला होता. एका वसतिगृहाच्या अधीक्षकाने मुलांचे लैंगिक शोषण केले. 2001मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, विचारले की ज्या कामावर त्याला नेमले होते त्या कामाशी या कृत्याचा निकटचा संबंध होता की नाही? तो होता, म्हणून चालक संस्था जबाबदार ठरली. कामाच्या ठिकाणी हा संबंध आणखी उघड असतो. वरिष्ठाजवळ ताकद असते ती त्याच्या मनगटाची नसते. गोपनीय अहवाल, पाळीचा तक्ता, कंत्राटाचे नूतनीकरण, रजेवरची सही, हे सारे त्याला मालकाने दिलेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998मध्ये हाच धागा पकडला: वरिष्ठाने अधिकार वापरून तिला काढले किंवा पदावनत केले, तर कंपनीला बचावच उरत नाही. ज्या अधिकाराचा नफा मालक घेतो, त्या अधिकाराच्या गैरवापराचा तोटाही त्याच्याच खाती पडायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. अंतर्गत समिती नेमतो मालक. भरपाई मालकाच्याच खिशातून जाणार असेल, तर समितीतले त्याचे कर्मचारी तक्रार खरी ठरवतील कशाला? आज निदान कपात दुसऱ्याच्या पगारातून होते. हे खरे आहे. म्हणूनच भरपाई ठरवण्याचे काम समितीकडे ठेवून चालणार नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013मध्ये नेमकी हीच शंका घेऊन अंतर्गत समित्यांऐवजी स्वतंत्र रोजगार न्यायाधिकरण सुचवले होते. काही आठवड्यांत संसदेने कायदा संमत करताना ते बाजूला ठेवले. समितीने चौकशी करावी, शिस्तभंगाची शिफारस करावी. भरपाईचा अर्ज मात्र बाहेरच्या न्यायाधिकरणाकडे जावा आणि समितीचा प्रतिकूल अहवाल त्या अर्जाच्या आड येऊ नये.

संस्थेच्या चुकीची किंमत कोण मोजते, याचे ताजे उत्तर गोव्यातून मिळते. गोवा विद्यापीठातल्या 2009मधल्या तक्रारींवरून एका प्राध्यापकाला बडतर्फ करण्यात आले. मे 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी घाईने उरकली, त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असे सांगून बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. तक्रारींच्या खरे-खोटेपणावर इथे काही म्हणायचे नाही. पण चौदा वर्षांनंतर तक्रारदार विद्यार्थिनी आणि तो प्राध्यापक, दोघेही जिथल्या तिथे आले, आणि घाई करणाऱ्या संस्थेला त्याबद्दल छदाम मोजावा लागला नाही. चुकीच्या चौकशीचा खर्च संस्थेवर पडू लागला, तर प्रशिक्षित सदस्य नेमणे आणि नियमाने चौकशी करणे तिला स्वस्त वाटू लागेल. त्यात आरोपीचाही फायदाच आहे.

‘पैशांसाठी खोट्या तक्रारी होतील’ हा आक्षेप ठरलेला. हेतुपुरस्सर खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद कलम 14मध्ये आहेच, आणि अपघाताचे खोटे दावे होतात म्हणून आपण अपघाताची भरपाई बंद केलेली नाही. ‘मग मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत’ हे प्रसूती रजेच्या वेळीही ऐकले होते. त्याचा इलाज भेदभावावर कारवाई हा आहे; तिचा हक्क काढून घेणे हा इलाज नव्हे. मात्र प्रामाणिकपणे काळजी घेणारा आणि बेफिकीर मालक एकाच मापाने मोजू नयेत, हे मला मान्य आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024पासून छळ रोखण्यासाठी वाजवी पावले उचलणे मालकावर बंधनकारक आहे आणि ते कर्तव्य मोडले तर न्यायाधिकरण भरपाई 25 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात किंवा घरकामात तर पुष्कळदा छळ करणारा स्वतः मालकच असतो. तिथे ‘मालकाला नाहक भुर्दंड’ हा मुद्दाच उरत नाही. खरोखरच्या छोट्या उद्योगांसाठी विम्याचा मार्ग आहे, जसा तो वाहनांसाठी आहे.

उरतो तो पैशांबद्दलचा संकोच. जानेवारी 2025मध्ये सियालदहच्या न्यायालयाने कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-हत्या प्रकरणात राज्य सरकारने 17 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला, कारण ती कामावर असताना, कामाच्या ठिकाणी बळी पडली होती. आईवडिलांनी पैसे नाकारले. त्यांचा नकार समजण्यासारखा आहे. मृत्यूची भरपाई होत नाही. पण जी जिवंत आहे, जिला घरभाडे भरायचे आहे आणि मानसोपचारतज्ज्ञाची फी द्यायची आहे, तिने पैसे मागितले की ‘शेवटी पैशांसाठीच होते’ हे बोट तिच्याकडे वळते. कायद्यानेही सलोख्यात पैशांची देवघेव मना केली आहे (कलम 10), आणि ते योग्यच आहे, कारण तो पैसा गप्प बसण्याचा मोबदला असतो. निकालानंतरची भरपाई याच्या अगदी उलट असते. ती चूक झाल्याची लेखी कबुली असते. ती लपवायचीही गरज नाही: कलम 16 नाव-गाव गुप्त ठेवायला सांगते, पण ओळख न उघडता मिळालेल्या न्यायाची माहिती द्यायला परवानगीही देते.

म्हणून करण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. 1923च्या कायद्यात कंत्राटी कामगाराबद्दल एक तरतूद होती: मूळ मालकाने भरपाई आधी द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. तीच पॉशमध्ये आणावी आणि कलम 15मधला दोषीच्या उत्पन्नाचा निकष मालकाच्या वसुलीपुरता ठेवावा. तिच्या हक्काला तो लावू नये. जुलै 2025पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांहून अधिक रेंगाळल्या हे सांगावे लागते. त्यात किती भरपाई दिली हा एक रकाना वाढवावा. महाराष्ट्राला तर दिल्लीची वाट पाहण्याचीही गरज नाही. 1994च्या अधिसूचनेने राज्याने पोटगी, मालमत्ता, हिंसा आणि घटस्फोट या बाबतीत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ ही हिंसाच आहे, एवढा खुलासा सरकारने एका परिपत्रकाने केला तरी मालकाविरुद्ध दिवाणी दावा लावायला निघालेल्या बाईच्या पायरीवरचा पहिला दगड दूर होईल. यंत्रात सापडलेल्या हाताची किंमत मालकाने मोजावी, हे पटायला आपल्याला कारखान्यांची दोन पिढ्यांची रडकथा ऐकावी लागली होती. ही कथा ऐकायला आणखी दोन पिढ्या लागू नयेत.