हुर्राक, फेणी आणि ‘गोवा बनावटीची’ बाटली

‘गोवा बनावटीचे मद्य जप्त’ ही बातमी कोल्हापूरच्या वाचकाला नवी नाही. आंबोलीकडून किंवा तिलारी घाटातून येणारी गाडी अडवली जाते, खोकी उतरवली जातात, मुद्देमालाची किंमत छापून येते. या बातम्या नीट वाचल्या तर एक गंमत दिसते. खोक्यांत बहुतेक वेळा व्हिस्की आणि रम असते. गोव्याची स्वतःची म्हणावी अशी फेणी त्यात शोधावी लागते.

कारण उघड आहे. घाट चढून वर येते ते करातल्या फरकासाठी. व्हिस्की कुठेही मिळते, गोव्यात ती स्वस्त मिळते, एवढेच. फेणी आणायची तर ती आधी आवडायला हवी. आणि आपल्यापैकी बहुतेकांची फेणीशी ओळख सहलीतल्या एका रात्रीपुरती असते. दुकानातली सर्वांत स्वस्त बाटली, वरून सोड्याचा मारा, नाकात चढणारा वास, सकाळी जड डोके आणि मग ‘फेणी नको रे बाबा’ हा जन्मभराचा निकाल.

हा निकाल घाईत लागलेला आहे, असे माझे मत आहे. आणि त्याचा संबंध गोव्यापेक्षा आपल्या चंदगड-आजऱ्याशी अधिक आहे.

जपानी बाटली काय सांगते?

आधी थोडे लांबचे उदाहरण. जपानच्या ‘साके’चे नाव आता मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ऐकू येते. साके तांदळापासून आंबवून करतात, ती गाळलेली म्हणजे भट्टीची दारू नव्हे. तांदळात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून वाफवलेल्या भातावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात. ती पिष्टाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. मद्यार्क साधारण १५-१६ टक्के.

खरी मौज बाटलीच्या लेबलवर आहे. तांदळाचा दाणा घासून किती उरवला, हे तिथे टक्क्यांत छापलेले असते. दाण्याच्या बाहेरच्या थरात स्निग्धांश आणि प्रथिने जास्त असतात, ती काढली की चव हलकी आणि सुगंधी होते. दाणा ६० टक्के किंवा त्याहून कमी उरवला तर ‘गिंजो’, ५० टक्के किंवा कमी उरवला तर ‘दाइगिंजो’. फक्त तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट असेल, वरून मद्यार्क घातलेला नसेल, तर ‘जुनमाई’. गिंजो थंड प्यावी, जुनमाई कोमट केली तरी खुलते. पिणाऱ्याला हे शब्द ठाऊक असतात. आजरा घनसाळ शिजायला लागला की शेजारच्या घराला कळते, हे आपल्याला जसे ठाऊक आहे तसे.

२०२४च्या डिसेंबरमध्ये साके बनवण्याच्या पारंपरिक कौशल्याला युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले २००९ मध्ये, म्हणजे बरेच आधी. तरीही गोव्याच्या अबकारी कायद्यात ती ‘देशी दारू’च होती. तिला वारसा पेयाचा दर्जा मिळायला २०१६ उजाडले.

बोंडापासून भाणापर्यंत

काजू आपला नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला आणि लाल मातीत तो असा रुजला, की आज कोणी परका म्हणणार नाही. फेणीसाठी बोंडे तोडायची नाहीत, पिकून झाडाखाली पडलेली गोळा करायची, हा जुना दंडक. बी वेगळी करायची, बोंडे तुडवायची किंवा दाबयंत्रात घालायची. लगद्यावर वजन ठेवले की स्वच्छ रस ठिबकतो, तो ‘नीरो’. आपल्या नीरेचा हा चुलतभाऊ ताजा आणि थंड प्यायचा, त्यात नशा नाही.

आंबवण्यासाठी ठेवलेल्या रसात बाहेरून यीस्ट घालत नाहीत. एप्रिलच्या उकाड्यात तो दोन-तीन दिवसांत आपोआप फसफसतो. मग तो भाणात तापवायचा आणि वाफ थंड करून गोळा करायची. पहिल्या वेळी हाती येते ते हुर्राक, मद्यार्क साधारण १५ टक्के, म्हणजे जवळपास साकेइतकाच. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळले की फेणी. तिचा मद्यार्क ४२ टक्क्यांच्या आसपास. भट्टीवाले अजूनही ती ओतताना उठणारा फेस बघून तिची ताकद सांगतात. फेणी हे नावही ‘फेण’ म्हणजे फेस यावरूनच आले, असे मानतात.

दक्षिण गोव्यात नारळाच्या माडीची फेणीही करतात. ती काजूच्या फेणीपेक्षा सौम्य लागते, पण मानांकन फक्त काजूच्या फेणीला आहे. दुकानात ‘फेणी’ एवढेच मागितले तर यापैकी कोणतीही हातात पडू शकते. जिरे किंवा आले घातलेल्या फेण्याही मिळतात. त्या वाईट नसतात, पण पहिली ओळख त्यांच्याशी करू नये. मसाल्याखाली फळ दिसत नाही.

चव घ्यायची कशी?

सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवर मी पहिल्यांदा हुर्राक चाखले ते स्टीलच्या पेल्यात, घोटभर. आधी गोड वाटले, मग घसा किंचित खवखवला. लहानपणी आजऱ्याच्या रानात बोंडे खाल्ल्यावर खवखवायचा, अगदी तसाच. तोवर माझ्या लेखी फेणी म्हणजे वास. त्या घोटाने पहिल्यांदा कळले की हे एक फळ आहे.

फेणीची चव घेताना पेला लहान घ्यावा आणि नाक त्यात खुपसू नये. पेला हनुवटीशी धरून तोंड किंचित उघडे ठेवून वास घेतला तर मद्यार्काचा झटका मागे राहतो, पिकलेल्या बोंडाचा वास पुढे येतो. मग चमचाभर साधे पाणी घालावे, वास आणखी मोकळा होतो. भट्टीवाले दोन थेंब तळहातावर चोळून दाखवतात. मद्यार्क उडून गेल्यावर हाताला फळाचा वास उरायला हवा. नुसता स्पिरिटचा उरला, तर बाटली परत ठेवावी.

हुर्राकाची तऱ्हा वेगळी. ते फक्त मार्च ते मे मिळते, फार टिकत नाही, भट्टीपासून जितके जवळ प्याल तितके चांगले. गोव्यात लिंबाचे सोडापेय, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. त्यातच धोका आहे, ते सरबतासारखे उतरते. हुर्राक पिऊन घाटात गाडी चालवणारा माणूस मूर्खच म्हणायचा.

सोबत काय खावे, यावर माझे मत कोल्हापूरकरांना रुचणार नाही. तांबडा रस्सा नको. त्याच्यापुढे फेणीचे काही चालत नाही, दोघे मिळून जिभेचा आखाडा करतात. भाजलेले शेंगदाणे, मिठातली कैरी, फार तर पांढरा रस्सा, एवढे पुरे.

चंदगडच्या बोंडांचे काय?

चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यात काजूच्या बागा आहेत, काजूगर काढण्याचे कारखाने आहेत. शेतकरी पैसे मोजतो ते बीचे. बोंड बीच्या किमान पाच-सहा पट वजनाचे असते, संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त ‘क’ जीवनसत्त्व त्यात असते, आणि ते एका दिवसात खराब होते. म्हणून ते झाडाखालीच सडते. घाटाखाली त्याच फळाला किंमत आहे, घाटावर ते कचरा आहे.

काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासूनच्या मद्याला ‘देशी दारू’ या शिक्क्यातून बाहेर काढण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. पुढे २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवताना सरकारने धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा वर्गही केला. दोन्ही वेळा चर्चा झाली ती महसुलाची. बाटलीत कोणते फळ, कोणत्या गावचे, कोणी गाळलेले, हे ग्राहकाला कळावे याची कोणी काळजी केली नाही. शुल्क वाढले की घाटातून येणारी खोकी वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. दारूने घरे उद्ध्वस्त झालेली पाहिलेल्या बायकांनी गावोगावी आडवी बाटली करण्यासाठी मतदान घडवून आणले आहे. त्यांना चवीच्या गप्पा म्हणजे भरल्या पोटीचे चोचले वाटतील. त्यांचा राग मला मान्य आहे. पण ज्या दारूने ती घरे मोडली ती चवीसाठी कोणी प्यायली नव्हती. ती स्वस्त होती, जवळ होती आणि लवकर चढत होती. लहान भट्टी, हंगामापुरता परवाना, लेबलवर गावाचे नाव आणि रास्त म्हणजे थोडी चढीच किंमत, अशी फेणी गुत्त्यावरच्या फुग्याची जागा घेणार नाही. परवाने मोठ्या कारखान्यांना गेले आणि बोंडे टनावर खरेदी झाली, तर मात्र त्या बायकांचे म्हणणेच खरे ठरेल.

म्हणून चंदगडच्या शेतकरी गटांना परवाना मिळण्याआधी एक स्वस्तातले काम करता येईल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक जाती दिल्या, त्या बीच्या आकारावरून आणि उत्पन्नावरून निवडल्या. आता कोणत्या जातीच्या बोंडाचा रस कसा लागतो, कोणता जास्त खवखवतो, कोणता आंबल्यावर सुगंधी राहतो, याची नोंद बागवार करायला घ्यावी. त्यासाठी दारू गाळावी लागत नाही. नीरो चाखला तरी पुरे, आणि त्याला परवान्याचीही गरज नाही.