मोडकी नौका जरूर विका, पण खरे सांगून



वादळात मोडलेल्या नौकांचा ऑनलाइन लिलाव म्हणजे शुद्ध फसवणूक, तो बंदच करावा, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. २०१७ मध्ये ‘इर्मा’ चक्रीवादळाने टॉर्टोला बेटाच्या पॅराक्विटा खाडीत भाड्याच्या कॅटामरान नौका एकीवर एक चढवून ठेवल्या. अशा वेळी दुरुस्ती परवडत नसेल, तर विमा कंपनी भरपाई देते आणि नौका ‘आहे तशी, आहे तिथे’ विकते. फायबरग्लास कुजत नाही, वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. गिऱ्हाईक मिळाले, तर निदान डोलकाठी, विंच, नांगर कामी येतात. नाहीतर सगळेच कचराभूमीत जाते.

मात्र चकचकीत फोटोंवर भागवणे गैरच. इंजिनात खारे पाणी शिरले का, कीलचे बोल्ट आणि सुकाणूचा दांडा शाबूत आहेत का, हे जाहिरातीत स्पष्ट हवे. डेकवर हातोडी ठोकून आवाज बद्द आला, तर आतले बाल्सा लाकूड भिजून सुटले असण्याची दाट शक्यता असते, तेही नोंदवावे. क्रेनचा खर्च कोणाचा, हे बोलीआधीच कळावे. बंदी नको, खरे सांगण्याची सक्ती हवी.

— एक मराठी वाचक, टॅम्पा (फ्लोरिडा)